तीन फोन आणि एक नोंद

प्रशिक्षणाला हजर राहणं सक्तीचं होतं, म्हणून मोठ्या सिस्टर गेल्या. एरवी सर्जरीचा वॉर्ड सोडून तीन तास खुर्चीत बसायची त्यांना सवय नव्हती, हौस तर नव्हतीच. विषय होता, वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे आणि डॉक्टर-नर्सेसनी घ्यायची काळजी. सूचनाफलकावर तो कागद लागला त्याच दिवशी त्यांच्या मनात रजेचा विचार येऊन गेला होता. रजा मागावी तर कारण सांगावं लागलं असतं. कारण एकच होतं आणि ते गेली आठ वर्षं त्यांनी स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर. दारात वहीत सही करायची, एक फाइल आणि पेन घ्यायचं आणि आत बसायचं. पहिल्या रांगेत डॉक्टर, मागे नर्सेस, सगळ्यांत शेवटी तंत्रज्ञ आणि कार्यालयातले लोक. कुणी असं बसा म्हणून सांगितलं नव्हतं, पण बसले सगळे तसेच. पहिल्या रांगेच्या मधोमध सर्जनसाहेब होते. आता ते विभागप्रमुख झाले होते आणि खुर्चीतही तसेच बसले होते, म्हणजे हात मागे टाकून, दोन खुर्च्यांचा मालक असल्यासारखे. भिंतीला टेकून विधी अधिकारी उभे होते. रुग्णालयावर कुठलाही दावा लागला की पहिली धाव त्यांच्याकडे असायची. मोठ्या सिस्टरांना बघून त्यांनी मान किंचित हलवली. सिस्टरांनी फाइल उघडली.

शिकवायला आलेल्या वकीलबाई बाहेरच्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि बोलायला अशा की पाच मिनिटांत अख्खं सभागृह त्यांनी खिशात घातलं. "कोर्टात तुमचं अक्षर लागलं नाही," त्या म्हणाल्या, "तर न्यायाधीश तुम्हाला सोडून देतात असा बऱ्याच डॉक्टरांचा समज आहे. तसं नाही. ते तुम्हालाच वाचायला लावतात. आणि मी बघितलंय, डॉक्टरांनाही ते वाचता येत नाही." हशा पिकला. मोठ्या सिस्टरही हसल्या. हसू आलं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग बाईंनी मुद्द्याला हात घातला. रुग्ण दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं, हे त्यांनी आधी सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या माना समाधानाने हलल्या. रुग्णाची जबाबदारी तुमच्यावर होती का, ती पार पाडताना तुम्ही कमी पडलात का, रुग्णाचं नुकसान झालं का आणि ते तुम्ही कमी पडलात म्हणूनच झालं का, हे सगळं दावा करणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. शेवटचं सगळ्यांत अवघड. बहुतेक दावे तिथेच आडवे होतात.

"आणि सिद्ध कशावर होतं? कागदावर," बाई म्हणाल्या. "जे लिहिलं नाही ते कोर्टाच्या लेखी झालंच नाही. सिस्टर, तुम्ही डॉक्टरांना दहा वेळा फोन केला असेल. नोंद एकदाच असेल, तर तुम्ही एकदाच केला."

मोठ्या सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तीन वेळा केला होता. शनिवारची दुपारची पाळी, अठ्ठावीस खाटा आणि नर्सेस दोन. खाट क्रमांक अकरावरच्या बाईंचं पित्ताशय आदल्या दिवशी काढलं होतं. चोपन्न वर्षांच्या, शांत स्वभावाच्या बाई. दुपारी एकला त्या म्हणाल्या, पोटात फार दुखतंय हो सिस्टर, हे कालच्यासारखं दुखणं नाही. नाडी एकशे दहा. सिस्टरांनी सर्जनसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, गॅस असेल, दुखण्याचं इंजेक्शन द्या. त्या फोनची नोंद सिस्टरांनी केली. साडेतीनला नाडी एकशे चोवीस, पोट फळीसारखं कडक. परत फोन. "सिस्टर, मी सांगितलं ना," असं म्हणून त्यांनी ठेवला. पावणेसहाला रक्तदाब उतरला तेव्हा तिसरा फोन, तो त्यांनी उचललाच नाही. या शेवटच्या दोन फोनांची नोंद करायची राहून गेली, कारण मधल्या वेळात खाट चारवरच्या म्हाताऱ्याने सलाईन उपसून टाकलं होतं, ऑपरेशन थिएटरातून दोन पेशंट वर आले होते आणि बरोबरची सिस्टर रक्ताच्या पिशव्या आणायला गेली होती. लिहू नंतर, असं मनाशी म्हणत त्या धावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना पुन्हा टेबलावर घेतलं. आत आतड्याला छिद्र पडलेलं होतं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांचे यजमान अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. मोठ्या सिस्टर तेव्हा मोठ्या झाल्या नव्हत्या, नुसत्या सिस्टर होत्या. त्या त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी साहेबांना तीनदा कळवलं होतं. ते आले नाहीत. शनिवारीच आले असते तर कदाचित या वाचल्या असत्या. आमची चूक झाली." त्या गृहस्थांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "तुमचं जेवण झालं का सिस्टर?" माणसं अशा वेळी काहीही विचारतात.

"चहाच्या आधी," वकीलबाईंचा आवाज आला, "मी तुम्हाला एका पाहुणीला भेटवणार आहे. कायदा मी सांगितला. दाव्याच्या पलीकडच्या बाजूला काय असतं ते ही सांगेल."

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेली तिशीतली मुलगी उठली. तिचं नाव कार्यक्रमाच्या कागदावर नव्हतं. साधे कपडे, केस मागे बांधलेले, हातात कागद नाही. मोठ्या सिस्टरांनी तिला लगेच ओळखलं, कारण कपाळ आणि भुवया थेट खाट अकरावरच्या बाईंच्या, तिच्या आईच्या होत्या. सर्जनसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग फोन कानाला लावला आणि वाकून, सगळ्यांची क्षमा मागितल्यासारखा हात करत बाहेर गेले. त्यांनी ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. हजेरीची सही त्यांनी आल्याआल्याच केली होती.

मुलगी अशी बोलली की जणू हे तिने बऱ्याच ठिकाणी सांगितलं असावं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. कुठल्या रुग्णालयात घडलं हे तिने सांगितलं नाही. बोलवण्याची अटच तशी असते, असं ती म्हणाली.

"माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे," ती म्हणाली. "घड्याळ कानाला लावून बिघाड सांगायचे. त्यांना एका सिस्टरनी सांगितलं की आम्ही तीनदा फोन केला, डॉक्टर आले नाहीत, आमची चूक झाली. आम्ही दावा लावला तो सूडासाठी नाही. एक माणूस खरं बोललाय, आता बाकीचेही बोलतील, असं बाबांना वाटलं. कोर्टात त्या सिस्टरना विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? त्या म्हणाल्या, मला आठवत नाही. तीनदा फोन केलात का? नोंद आहे तेवढंच मी सांगू शकते. मग समोरच्या वकिलांनी बाबांना विचारलं, तुमचं वय काय, तुम्ही किती रात्री झोपला नव्हता, दुःखात माणूस भलतंच काहीतरी ऐकतो की नाही. दावा आम्ही हरलो."

तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढे सांगू लागली. 

"हरण्याचं एवढं काही नव्हतं. पण बाबा घरी आले आणि म्हणाले, ती बाई कशाला खोटं बोलेल? भली होती. मीच चुकीचं ऐकलं असेन. मग ते जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तरी त्यांनी दुकानात बसणं कमी केलं. घड्याळ कानाला लावायचे आणि मला विचारायचे, बघ गं, हे मागे पडतंय का, मला काही नक्की सांगता येत नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण उगाच एका डॉक्टरवर आळ घेतला."

वकीलबाईंनी माइक घेतला. बघा, त्या म्हणाल्या, म्हणून आता कायदाही बदलतोय आणि विचारही. झालेली गोष्ट नातेवाईकांना पहिल्याच दिवशी खरी खरी सांगा. वाईट वाटलं असं म्हणा. दिलगिरी म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. जिथे पहिल्याच दिवशी खरं सांगितलं जातं तिथले लोक पुष्कळदा कोर्टाची पायरीच चढत नाहीत. सगळ्यांनी हे फाइलमध्ये लिहून घेतलं. भिंतीला टेकलेले विधी अधिकारीसुद्धा मान डोलवत होते.

आठ वर्षांपूर्वी याच विधी अधिकाऱ्यांनी मोठ्या सिस्टरांना आपल्या खोलीत बसवून दार लावलं होतं. "तुम्ही काय बोलून बसलात, कळतंय का?" ते म्हणाले होते. "खोटं बोला असं मी म्हणणार नाही. आठवत नाही म्हणा. आठवत नाही हे खोटं कधीच ठरत नाही." नाही म्हटलं तर काय, हे त्यांनी उघड सांगितलं नाही. फक्त म्हणाले की दोन फोनांची नोंद न करणं हाही निष्काळजीपणाच आहे, आणि तो नर्सचा आहे. तेव्हा घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुलगी बारावीला होती. मिस्टर शाळेत चित्रकला शिकवत. ते म्हणाले होते, "अगं, त्या बाई परत येणार आहेत का? नोकरी सांभाळ." सिस्टरांनी नोकरी सांभाळली. पुढे दोन वर्षांनी त्या वॉर्डच्या मुख्य झाल्या आणि सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणू लागले.

"काही प्रश्न?" वकीलबाईंनी विचारलं.

एका शिकाऊ डॉक्टरणीने हात वर केला. "त्या सिस्टरचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. "असतील नोकरीत. मी कधी चौकशी केली नाही."

मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहणार आहोत हे त्यांनाही उभ्या राहिल्यावरच कळलं. मांडीवरची फाइल खाली पडली, कागद पसरले.

"ती मी," त्या म्हणाल्या. "मी तीनदा फोन केला होता. एकला, साडेतीनला आणि पावणेसहाला. लिहिला एकच. तुमच्या वडिलांनी अगदी बरोबर ऐकलं. मी तसंच म्हणाले होते. शब्दन् शब्द."

 मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. ओळख पटत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती.

आणि मग ज्यांनी नुकतंच खरं खरं सांगा म्हटलं होतं त्याच वकीलबाई माइकमध्ये म्हणाल्या, "सिस्टर, आपण प्लीज खाली बसता का? हे प्रशिक्षण आहे. इथे आपण कुठल्याही एका प्रकरणात शिरू शकत नाही. हे तुमच्याच हिताचं आहे." विधी अधिकारी तोवर दोन रांगा ओलांडून पुढे आले होते. "चहा तयार आहे," ते मोठ्याने म्हणाले. खुर्च्या सरकल्या. पाच मिनिटांपूर्वी शेजारी बसलेल्या दोघी नर्सेस मोठ्या सिस्टरांच्या बाजूने अशा निघून गेल्या जणू तिथे काही सांडलं होतं.

मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती. हातात चहाचा कागदी कप, पण ती पीत नव्हती. मोठ्या सिस्टर जवळ गेल्या. काय बोलायचं ते ठरवून गेल्या नव्हत्या.

"मला तुमची माफी मागायची आहे," त्या म्हणाल्या.

"मागू नका," मुलगी म्हणाली. "तुम्ही मागाल, मग मला काहीतरी म्हणावं लागेल. असू दे म्हणावं लागेल. मला ते म्हणायचं नाहीये."

"नका म्हणू."

"मला तुमचा चेहरा आठवत नव्हता. इतकी वर्षं मी तुम्हाला शिव्या देत होते आणि मला तुमचा चेहराच आठवत नव्हता." तिने कप खिडकीत ठेवला. "बाबांना आठवायचा. ते म्हणायचे, तिच्या डोळ्याखाली काळं झालं होतं, बिचारी दमलेली होती. मागच्या वर्षी बोलला असतात तरी चाललं असतं, सिस्टर. फोनवर. एका वाक्यात."

 तिच्या बाबांचा फोन नंबर सिस्टरांकडे होता. जुन्या डायरीत होता, आणि डायरी बदलली तेव्हा त्यांनी तो नव्या डायरीत उतरवूनही घेतला होता.

"आत जे बोललात ते लिहून द्याल?" मुलीने विचारलं. "तारीख, वेळ, सही. त्या वकीलबाईच म्हणाल्या ना, लिहिलं नाही ते झालं नाही."

"देते," सिस्टर म्हणाल्या.

वॉर्डमधल्या नर्सेसच्या खोलीत बसून त्यांनी दीड पान लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, सुटं आणि गोल. खाट क्रमांक लिहिला, नाडी लिहिली, तिन्ही वेळा लिहिल्या. बाकावर त्या काय म्हणाल्या ते लिहिलं. कोर्टात काय म्हणाल्या आणि तसं म्हणा असं कुणी सांगितलं, तेही लिहिलं. खाली आपला फोन नंबर लिहून सही करत होत्या तेवढ्यात दारात विधी अधिकारी येऊन उभे राहिले.

"तो कागद माझ्याकडे द्या," ते म्हणाले.

"तो त्यांचा आहे."

"शपथेवर साक्ष दिली आहे तुम्ही. आता उलटं लिहिलंत तर कोणाच्या गळ्याशी येईल? माझ्या नाही. साहेबांच्या तर नाहीच नाही. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तुमची?"

"दोन."

"मग दोन वर्षं गप्प बसायला काय जातंय? आठ बसलात ना?"

त्यात तिरकसपणा नव्हता. ते खरंच समजावून सांगत होते. सिस्टरांनी कागदाची घडी घातली, त्यांच्या बाजूने व्हरांड्यात गेल्या आणि तो मुलीच्या हातात दिला. मुलीने तिथेच उभ्याने वाचला. एका ठिकाणी ती थांबली, मागे गेली, परत वाचला. मग पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरून गेली. निघते असंही म्हणाली नाही.

पुढचं सगळं कार्यालयीन पद्धतीने झालं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांना पत्र मिळालं, प्रशिक्षण कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल आणि रुग्णाची गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल खुलासा करावा. त्यांनी खुलासा केला. त्यांना वॉर्डमधून काढून बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तिथे कुणी त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत नव्हतं. लोक म्हणत, ओ मॅडम, जरा लवकर. सर्जनसाहेब एकदा त्या खिडकीवरून गेले. थांबले, आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "तुम्ही तब्येतीची काळजी घ्या. ताण येतो माणसाला." दुसऱ्या तुकडीचं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात झालं. तिकडे गेलेल्या नर्सने सांगितलं की छान झालं, वकीलबाई फार हसवतात. पाहुणी वगैरे कुणी नव्हती.

मुलीचा फोन आला तो त्यानंतर, एका दुपारी. सिस्टर नुकत्याच घरी आल्या होत्या. मिस्टर ओट्यापाशी चहा करत होते.

"मी वकिलांना भेटले," मुलगी म्हणाली. "ते म्हणाले, मुदत कधीच उलटून गेली. प्रकरण आता उघडायचं नाही. तुमच्यावर खोट्या साक्षीची तक्रार करता येईल म्हणाले. तेवढंच होण्यासारखं आहे."

"करा," सिस्टर म्हणाल्या.

"डॉक्टरना काही होणार नाही. त्या विधी अधिकाऱ्यांनाही नाही. त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं याची कुठेच नोंद नाही म्हणाले. फक्त तुम्हाला."

"तरी करा."

 "नाही करणार," मुलगी म्हणाली. "तुमच्यासाठी नाही हं. मला परत कोर्टाच्या त्या इमारतीत जाऊन बाकावर बसायचं नाही, म्हणून. कागद ठेवलाय मी. एकदा मोठ्याने वाचलासुद्धा, घरात कुणी नसताना. काही उपयोग झाला नाही. आता मला फोन करू नका आणि मीही करणार नाही."

फोन बंद झाला. मिस्टरांनी कप आणून समोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले. अलीकडे ते फार जपून बोलायचे.

"तिचा होता?"

"हो."

"निदान तू बोललीस तरी. मन मोकळं झालं असेल."

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा नोकरी सांभाळ म्हणालेला माणूस हाच होता, आणि तेव्हाही तो त्यांच्या भल्याचंच बोलत होता. त्याच्यावर काही ढकलावं असं त्यांना कितीदा वाटलं होतं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या एकट्या उभ्या होत्या, आणि जीभ त्यांची होती.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

 बाहेर शेजारणीने दोरीवरचे कपडे काढायला घेतले होते, चिमटे टोपलीत पडत होते. सिस्टरांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म इस्त्रीला काढला.